ॲनिमेशनपटांना नटांचेच आवाज कशाला? (आणि नाशिकच्या मुलांचं एक मराठी डबिंग)

गोदाकाठ
आमच्या वाचनालयाच्या बालविभागात मे महिन्यात १० ते १४ वयाच्या मुलांकडून ॲनिमेशनपटातला तीनेक मिनिटांचा प्रसंग मराठीत डब करून घ्यायचा बेत आहे. शेवटच्या आठवड्यात पालकांना बोलावून तो दाखवू. कार्यकर्त्यांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, मालिकेतल्या एखाद्या ओळखीच्या नटाला मुख्य पात्राचा आवाज द्यायला बोलवा, म्हणजे हॉल भरेल. दुसरा म्हणतो, सगळे आवाज मुलांचेच हवेत.

माझे प्रश्न असे. नावाजलेला आवाज डबिंगला नेमकं काय देतो? आणि मुलांकडूनच करायचं ठरलं, तर प्रसंग कोणता निवडावा, रेकॉर्डिंग कसं करावं? जाणकारांनी सविस्तर लिहा.

फिल्मवेडा
मी नटांच्या बाजूचा. २०१६ च्या 'द जंगल बुक'ची हिंदी आवृत्ती आठवा. शेरखान नाना पाटेकर, बल्लू इरफान खान, बघीरा ओम पुरी, अजगर 'का' प्रियांका चोप्रा, लांडगीण रक्षा शेफाली शाह. इंग्रजी सहज कळणारी माणसंसुद्धा मुद्दाम हिंदी खेळाला गेली. २०१९ च्या 'द लायन किंग'ला मुफासा शाहरुख आणि सिंबा आर्यन, म्हणजे पडद्यावरचे बापलेक खरोखरचे बापलेक. टिमॉन आपला श्रेयस तळपदे, पुंबा संजय मिश्रा. डब केलेला सिनेमा म्हणजे दुय्यम माल, ही समजूत मोडायला या नावांची मदत झाली.

शब्दवेल
फिल्मवेडा, मुद्दा बरोबर आहे, पण तुम्ही दोन वेगळी कामं एकत्र धरताय.

मूळ इंग्रजी ॲनिमेशनपटात आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्र नंतर काढतात. नट बोलताना बहुधा त्याचं चित्रणही करून ठेवतात. भुवया, मान, हात, ओठांची मुरड हे सगळं ॲनिमेटर त्यातून उचलतो. 'अलादीन' (१९९२) मधल्या जिनीचं उदाहरण घ्या. एरिक गोल्डबर्ग यांनी रॉबिन विल्यम्सच्या रंगमंचीय विनोदाच्या ध्वनिमुद्रिकेवर आधी चाचणीची चित्रं काढली आणि त्यावर विल्यम्स राजी झाला. मग स्टुडिओत त्याने भरपूर ऐनवेळचं बोलून ठेवलं आणि जिनी त्या बोलण्यातून घडला. तिथे नट हा पात्राचा अर्धा जन्मदाता असतो.

'श्रेक'चंही (२००१) तसंच. क्रिस फार्लीने श्रेकचे बहुतेक संवाद रेकॉर्ड केले होते, १९९७ मध्ये तो गेला. त्याच्या जागी माइक मायर्स आला, त्याने काम पूर्ण केलं आणि मग स्कॉटिश धाटणीत सगळं पुन्हा करायला मागितलं. आवाज बदलला म्हणून झालेलं ॲनिमेशनही काही ठिकाणी नव्याने करावं लागलं.

डबिंगमध्ये सगळं उलटं. चित्र पूर्ण झालेलं असतं, ओठ कधी उघडणार आणि कधी मिटणार ते ठरलेलं असतं. तिथे नटाला दुसऱ्याच्या श्वासात बोलायचं असतं. हे वेगळं कौशल्य आहे, आणि पडद्यावर उत्तम असलेल्या माणसाकडे ते असेलच असं नाही. त्यामुळे गोदाकाठ यांच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: मूळ चित्रपटात नावाजलेला आवाज पात्र घडवतो, डबिंगमध्ये तो मुख्यतः तिकीट खपवतो. त्यापलीकडे काही मिळालं तर ते त्या माणसाच्या अंगच्या तयारीमुळे.

पंचवटीकर
नानांकडे ती तयारी होती म्हणूनच तो शेरखान जमला. दूरदर्शनवर १९९३ मध्ये जपानी 'जंगल बुक' हिंदीत आलं, तेव्हाही शेरखान त्यांचाच होता. २०१६ मध्ये त्यांना बोलावलं ते नुसत्या प्रसिद्धीसाठी नव्हे.

आणि नटांचे आवाज ही 'अलादीन'पासूनची टूम मानू नका. डिस्नेच्या १९६७ च्या 'जंगल बुक'मध्ये शेरखानला जॉर्ज सँडर्स होता, बल्लूला फिल हॅरिस, लुई राजाला गायक लुई प्रिमा. तिघेही त्यांच्या काळी घरोघरी माहीत असलेले.

ध्वनिलेखक
डबिंगच्या खोलीत काय होतं ते लिहितो. त्यावरून अडचण कुठे येते ते कळेल.

प्रसंगाचे लहान तुकडे पाडतात, त्यांना लूप म्हणतात. कलाकाराच्या एका कानात मूळ भाषेतला आवाज, म्हणजे पायलट ट्रॅक असतो, समोर पडदा आणि स्टँडवर संवाद. प्रत्येक लूपआधी एकेका सेकंदाच्या अंतराने तीन बीप वाजतात, आणि चौथी जिथे वाजली असती तिथे संवाद सुरू करायचा. सरावलेला डबिंग कलाकार एक डोळा कागदावर आणि एक पात्राच्या तोंडावर ठेवून दोन-तीन टेकमध्ये लूप काढतो.

नवखा नट तीन ठिकाणी अडकतो. पहिलं, तो पायलट ऐकून मग बोलतो, त्यामुळे प्रत्येक वाक्य उशिरा सुरू होतं आणि शेवटी घाई होते. दुसरं, तो स्वतःच्या नेहमीच्या लयीत विराम घेतो. पात्राचं तोंड हलत राहतं आणि आवाज थांबलेला असतो. तिसरं सगळ्यात अवघड, ते म्हणजे रिॲक्शन. धापा टाकणं, दचकणं, खाताना बोलणं, पडताना निघणारा हुंकार. चांगले चांगले नट इथे कागदावर लिहिलेला 'आह' वाचतात. डबिंगवाले हे पोटातून काढतात.

सिंकचं, म्हणजे आवाज आणि चित्र जुळण्याचं, मापही लक्षात ठेवा. आवाज चित्राच्या आधी आला तर साधारण ४५ मिलिसेकंदांतच खटकू लागतो, मागे पडला तर १२५ पर्यंत बहुतेकांना कळत नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, म्हणजे एक चौकट ४२ मिलिसेकंदांची. थोडक्यात, एक चौकट लवकर चालेल, तीन चौकटी उशीर चालेल. मुलांचे ट्रॅक जुळवताना शंका आली की आवाज किंचित उशिरा येऊ द्या, आधी कधीच नाही.

द्राक्षबाग
लहान मुलांना आवाज कुणाचा आहे याच्याशी देणंघेणं नसतं. नाव वाचून तिकीट काढतात ते आईबाप.

सिडकोकर
द्राक्षबाग, चाहत्यांना विसरलात. २०२३ मध्ये 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आला तेव्हा त्यातल्या भारतीय स्पायडर-मॅनला, पवित्र प्रभाकरला, हिंदी आणि पंजाबीत शुभमन गिलने आवाज दिला. तो नट नव्हे, क्रिकेटपटू. तरी त्याच्यासाठी हिंदी खेळ धरणारी कॉलेजची पोरं होतीच. एरवी ॲनिमेशनकडे न फिरकणारा प्रेक्षक आवाजापायी येतो, आणि आला की त्याला सिनेमाही आवडतो. यात वाईट काय?

तोच सिनेमा भारतात दहा भाषांत लागला होता आणि त्यात मराठी होती. आपल्याकडे मोठ्या पडद्यावरचं ॲनिमेशन मराठीत ऐकायला मिळणं ही केवढी गोष्ट! पण मराठी खेळ मोजके, तेही गैरसोयीच्या वेळी. यावर काही करता येतं का?

पडद्यामागे
सिडकोकर, करता येतं, पण ते वेळेवर करावं लागतं.

आठवड्याचे खेळ शुक्रवारपासून बदलतात आणि त्यांची मांडणी सोमवार ते बुधवारच्या दरम्यान ठरते. मराठी खेळ हवा असेल तर मागणी त्याआधी जायला हवी. शनिवारी तिकीटखिडकीवर वाद घालून काही होत नाही. चित्रपट डिजिटल पॅकेजच्या रूपात येतो आणि प्रत्येक भाषेची आवृत्ती वेगळी असते. ती आवृत्ती चालवायला केडीएम नावाची किल्ली लागते. किल्ली ठराविक आवृत्तीसाठी, ठराविक सर्व्हरसाठी आणि ठराविक कालावधीसाठीच चालते. म्हणजे थिएटरकडे हिंदीची किल्ली असली तरी मराठी आवृत्ती उघडत नाही. वितरकाकडून ती मागवावी लागते आणि त्याला वेळ लागतो.

म्हणून चाहत्यांच्या गटाने असं करावं: आधी किती माणसं नक्की येणार त्याची यादी करा, मग सोमवारी व्यवस्थापकाला भेटा, भाषा स्पष्ट लिहून द्या आणि संपूर्ण खेळ घेणार की ठराविक खुर्च्या तेही सांगा. सकाळचा खेळ मागितलात तर होकाराची शक्यता जास्त, कारण संध्याकाळची वेळ कोणी सोडत नाही. आणि ॲपवर तिकीट काढताना भाषेचा पर्याय दोनदा बघा. एकाच नावाखाली तीन भाषा असतात आणि घाईत चुकीची भाषा दाबली जाते.

फिल्मवेडा
शब्दवेल, तुमचा दोन कामांचा मुद्दा पटला. तरी एक सांगतो. नटाचं नाव नुसतं विक्रीचं साधन आहे, हे नटांनाही ठाऊक असतं आणि काही त्याविरुद्ध उभेही राहतात. विल्यम्सने 'अलादीन' किमान दराच्या मानधनावर केला, त्याची अट होती की आपला आवाज खेळणी आणि वस्तू विकायला वापरू नये. तो वापरला गेला असं त्याचं म्हणणं पडलं आणि बिनसलं. १९९४ च्या पुढच्या भागात जिनीचा आवाज डॅन कॅस्टेलानेटाचा आहे. समेट झाल्यावर १९९६ च्या तिसऱ्या भागात विल्यम्स परतला. 'टॉय स्टोरी'तल्या टॉम हँक्सच्या वुडीचंही बघा, खेळणी आणि व्हिडिओगेममध्ये बऱ्याचदा त्याचा भाऊ जिम हँक्स बोलतो. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

पंचवटीकर
म्हणजे चाहते ज्या आवाजावर जीव टाकतात तो कित्येकदा भावाचा. :)

गोदाकाठ
चर्चा छान रंगली आहे. दरम्यान आमच्यात नटाला न बोलावता मुलांचेच आवाज घ्यायचे ठरलं. आता प्रसंग. मुलांना 'लायन किंग' हवा आहे. घेतला तर चालेल का? पुढे यूट्यूबवरही टाकायचा आहे.

कलमकसाई
नको. यूट्यूबची यंत्रणा चित्र आणि आवाज दोन्ही ओळखते. आवाज तुमचा असला तरी चित्रावरून दावा लागतो, व्हिडिओ अडतो किंवा जाहिरातीचा पैसा हक्कदाराकडे जातो. यूट्यूब सोडून द्या, पालकांना बोलावून दाखवणं हेही परवानगीशिवाय नकोच.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणून जुना चित्रपट घ्या. माझी सूचना: फ्लायशर बंधूंचा ॲनिमेशनपट 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' (१९३९). भारतात त्याच्या चित्रपटाचा हक्क केव्हाच संपला आहे आणि अमेरिकेतही तो सार्वजनिक मालकीचा आहे. इंटरनेट अर्काइव्हवर मिळतो. जुनी प्रिंट घ्या, कुणी नव्याने सजवलेली नको.

एक पथ्य: त्यातली गाणी टाळा. गीतकार लिओ रॉबिन १९८४ मध्ये वारले आणि आपल्याकडे गीताचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. मूळ ध्वनिपट पूर्ण बंद करा, संवादाचाच प्रसंग घ्या.

शब्दवेल
फारच योग्य निवड, त्याला आणखी एक कारण आहे. या चित्रपटात गलिव्हर रोटोस्कोप पद्धतीचा आहे, म्हणजे खऱ्या माणसाचं चित्रण करून त्यावरून रेखलेला. त्याचे ओठ माणसासारखे बारीक हलतात, त्यामुळे त्याला आवाज बसवणं कठीण. उलट गॅबी हा दवंडीवाला आणि छोटा राजा ही पूर्ण व्यंगचित्री पात्रं आहेत, तोंड मोठं उघडतं आणि मिटतं. मुलांना तीच द्या. गॅबी घाबऱ्याघुबऱ्या राजाकडे जाऊन किनाऱ्यावरच्या महाकाय माणसाची बातमी सांगतो तो भाग घ्या. गॅबीचा मूळ आवाज पिंटो कोल्विगचा, जो डिस्नेच्या गूफीचाही आवाज होता.

संवाद लिहिताना आधी भाषांतर करू नका. आवाज बंद करून प्रसंग पाच-सहा वेळा बघा आणि कागदावर फक्त तोंडाची उघडझाप लिहा: उघड्या तोंडाला आडवी रेघ, ओठ मिटले की फुली. मग फुलीच्या जागी प, फ, ब, भ, म यांपैकी अक्षर येईल असं वाक्य जुळवा. बाकीची व्यंजनं कुठेही पडली तरी डोळ्याला कळत नाहीत, पण ओठ मिटलेले असताना 'आ' ऐकू आला की लगेच कळतं. महाकाय माणूस, पुळण, भला मोठा, बाप रे, पळा पळा... या प्रसंगाला लागणारे मराठी शब्द ओठांवरचेच आहेत.

वाक्याचा शेवटही बघा. आपलं वाक्य 'आहे', 'होता', 'झाला' असं उघड्या तोंडाने संपतं. पात्राचं तोंड मिटून संपत असेल तर क्रियापद आधी घ्या: 'पडलाय तिथे एक माणूस, धिप्पाड एकदम!' बोलीत हे सहज खपतं. आणि राजाशी बोलताना गॅबी 'महाराज' आणि 'आपण' म्हणेल, रस्त्यावरच्या लोकांना 'अरे'. हे सुरुवातीलाच ठरवा, नाहीतर तीन मुलं तीन तऱ्हेने बोलतील.

ध्वनिलेखक
रेकॉर्डिंगबद्दल.

खोली: हॉल नको, घुमतो. वाचनालयात पुस्तकांचं आतलं दालन असेल तर तेच घ्या. भरलेली कपाटं आवाज शोषतात आणि विखुरतात. जाड गोधड्या कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टाका आणि तो स्टँड बोलणाऱ्याच्या पाठीमागे ठेवा. बहुतेक जण मायक्रोफोनच्या मागे लावतात. पण कार्डिऑइड मायक्रोफोन समोरून ऐकतो, म्हणजे बोलणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाजच त्यात शिरतो. अंड्यांचे ट्रे लावू नका, काही उपयोग नाही.

वेळ: मेमध्ये पंखा बंद करून बसायचं, म्हणून सकाळी ७ ते ९. कॉलेज रोड किंवा शरणपूर रोडच्या बाजूला असाल तर त्यानंतर वाहनांचे हॉर्न आत येणारच. २० मिनिटं काम, १० मिनिटं पंखा. शेजारच्या घरांतल्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळही विचारून घ्या.

मायक्रोफोन: तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, समोर पॉप फिल्टर (तोंडाचे झोत अडवणारी जाळी), आणि मायक्रोफोन थोडा तिरका. वर सांगितलेल्या प-फ-भ अक्षरांचे झोत थेट बसले की धप्प आवाज येतो आणि तो नंतर नीट निघत नाही. कंडेन्सर मायक्रोफोन असेल तर ऑडिओ इंटरफेसवर (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या पेटीवर) ४८ व्होल्टचं बटण चालू करायला विसरू नका. बटण बंद राहिलं तर ट्रॅक कोरा येतो.

पातळी: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. मूल ओरडणार असेल तेव्हा त्याला अर्ध्या पावलाने मागे घ्या. फोनवर रेकॉर्ड केलंत तर फोन आवाज आपोआप वर-खाली करतो आणि कुजबुज नि आरोळी एकाच उंचीवर येतात. ते बंद करता येणारं ॲप वापरा.

क्रम: आधी शांत संवाद, मग हशा-रडणं, आणि ओरडण्याचे लूप शेवटी. गॅबीचा बराचसा भाग आरडाओरड्याचा आहे. तो आधी घेतलात तर मुलाचा घसा बसेल आणि उरलेला दिवस वाया जाईल. पाणी साधं द्या, थंड नको. तोंडातून टकटक आवाज येत असेल तर हिरव्या सफरचंदाची फोड खायला द्यावी.

दरवेळी शेवटी कुणी न बोलता ३० सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करा. दोन संवादांमधल्या फटीत तीच भरायची असते. कोरी फट सोडली तर आवाज तुटल्यासारखा वाटतो.

द्राक्षबाग
मूळ ध्वनिपट बंद केला तर पावलं, दार, लाटा हे कुठून येणार? व्यावसायिकांना संगीत नि आवाजांचा वेगळा ट्रॅक मिळतो, मुलांना नाही.

रविवारकारंजा
ते घरच्या घरी करायचं, मुलांना सगळ्यात जास्त मजा तिथेच येते. लाटांसाठी परातीत मूठभर तांदूळ घेऊन हळूहळू तिरकी फिरवा, मायक्रोफोन हातभर लांब. वाळूतली पावलं म्हणजे रुमालात बांधलेली वाळू दाबायची. घोडा असेल तर नारळाच्या दोन करवंट्या, खाली माती. धडपडून पडणं म्हणजे पुस्तकांनी भरलेलं दप्तर सतरंजीवर टाकणं. दोर ताणल्याचा आवाज जुन्या चामडी चपलेला पिळून निघतो. पावलं एका मुलाने पडद्याकडे बघत सलग करावीत, तुकडे जोडू नयेत. तुकडे जोडले की चाल लंगडी होते.

गर्दीसाठी आठ-दहा मुलं खोलीत फिरत एकाच वेळी वेगवेगळी वाक्यं बोलतील. सगळ्यांनी एकच शब्द म्हटला तर प्रार्थना वाटते.

सिडकोकर
आणि मुख्य पात्राला एआयवरून एखाद्या मोठ्या नटाचा आवाज लावला तर? फुकट होतं हल्ली, मुलं खूश होतील.

कलमकसाई
अजिबात नाही. अमिताभ बच्चन यांना २०२२ मध्ये आणि अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आवाजासह व्यक्तिमत्त्वाच्या वापराबाबत संरक्षण दिलं. २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने तर एआयने आवाजाची नक्कल करून देणाऱ्या साधनांनाच मनाई केली. हॉलमधली मिमिक्री ही एक गोष्ट, यंत्राने बनवलेला हुबेहूब आवाज ही दुसरी.

शब्दवेल
कायदा बाजूला ठेवला तरी नको. इतक्या मेहनतीने मुलगा गॅबी उभा करणार, आणि त्यावर दुसऱ्याचा गळा चढवायचा? फाळक्यांच्या गावात तरी असं नको. पत्रिकेवर मुलांची नावं पात्रांसह छापा. आपल्याकडच्या डबिंग कलाकारांना श्रेयनामावलीत जागा मिळायला अजून झगडावं लागतं. 'छोटा भीम' आणि हिंदी 'डोरेमॉन' वर्षानुवर्षं सोनल कौशल यांनी बोलले, हे किती प्रेक्षकांना माहीत आहे?

गोदाकाठ
मनापासून आभार. गलिव्हर नक्की, नावंही छापतो. शेवटची शंका: गॅबीसाठी १४ वर्षांचा मुलगा उत्तम आहे पण त्याचा आवाज फुटतोय. राजासाठी १२ वर्षांची मुलगी आहे, ती चालेल का?

ध्वनिलेखक
मुलगी बिनधास्त घ्या. मुलग्यांचे आवाज बायकांनीच देण्याची रीत जगभर आहे. सोनल कौशल यांचा उल्लेख वर आलाच आहे, आणि 'द सिम्प्सन्स' मालिकेतल्या बार्ट या मुलालाही सुरुवातीपासून नॅन्सी कार्टराइट बोलते.

आवाज फुटणाऱ्या मुलाला गॅबीचा वरचा सूर लावू नका, रोज वेगळा लागेल आणि कंठालाही त्रास. त्याला गर्दीतला दांडगा शिपाई द्या आणि त्याचे सगळे लूप एकाच सकाळी संपवा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. गॅबीला दहा-अकरा वर्षांचं मूल बघा. निवड करताना संवाद वाचून घेऊ नका. नुसतं 'पायऱ्या चढून धापा टाकत आलायस, आणि बोलायचंय पण बोलता येत नाहीये' एवढं सांगा. ज्याचे खांदे हलतील तो गॅबी.